न झालेल्या सभेचे मुद्रित

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती, त्या वर्षांत गिरगावपासून लालबाग-परळपर्यंत कितीतरी खासगी गोष्टी एकाच वाक्यावर अडून राहिल्या होत्या: "महाराष्ट्र झाल्यावर बघू." आमच्या चाळीच्या जिन्याची तुटलेली पायरी महाराष्ट्र झाल्यावर बसवायची होती. शेजारच्या काकांना कवळी करून घ्यायची होती, तीही महाराष्ट्र झाल्यावर. ओळखीच्या एका मुलीने आलेले स्थळ याच कारणावर दीड वर्ष थोपवून धरले होते; मुलगा तिला मुळातच पसंत नव्हता, हे नंतर कळले. तिच्यासारखी लबाडी थोड्यांचीच. बहुतेकांचा त्या वाक्यावर प्रामाणिक विश्वास होता. सगळा मुलूख रस्त्यावर उतरलेला असताना आपल्यापुरते काही मागणे बरे दिसत नसे.

माझेही एक काम त्या वाक्याखाली पडून होते. मला बातमीदार व्हायचे होते.

मी तेव्हा गिरगावातल्या एका सांजदैनिकात मुद्रितशोधक होते. वय सव्वीस, शिक्षण मॅट्रिक. वडील गेल्यावर घरात आई आणि मी दोघीच, आणि घर चालायचे ते माझ्या नोकरीवर. सांजदैनिकाचे काम सकाळी सातला सुरू होई, साडेअकराला शेवटचे पान बंद होई आणि दीडच्या सुमारास अंक रस्त्यावर येई. रात्रपाळी नसल्यामुळेच आईने मला तिथे जाऊ दिले होते.

मुद्रितशोधन म्हणजे काय, हे आता सांगावे लागते. बातमीदाराने हाताने लिहिलेला कागद म्हणजे प्रत. ती जुळाऱ्याकडे जाई. तो शिशाचे एकेक अक्षर, म्हणजे खिळा, उचलून ओळी जुळवी. त्या ओळींवर शाई फिरवून कागदावर एक ठसा काढत, ते मुद्रित. मग दोघांनी बसायचे. एकाने प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवून चुका दुरुस्त करायच्या. नियम एकच: प्रतीप्रमाणे. मजकूर खरा की खोटा, शहाणा की वेडा, हे पाहणे आमचे काम नव्हते. फारच शंका आली तर समासात वर्तुळ काढून त्यात प्रश्नचिन्ह घालायचे आणि कागद घेऊन वर संपादकीय खात्यात जायचे. हा अधिकार आम्हाला होता. तो वापरून दाखवणे ही वेगळी गोष्ट.

मी एकदा वापरला होता. दादरच्या एकाच मंगल कार्यालयात एकाच मुहूर्तावर दोन लग्नांची आमंत्रणे आमच्याकडे छापायला आली. मी दोन्हींवर प्रश्नचिन्ह घातले आणि वर गेले. मुख्य बातमीदार घारपुरे चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "बाई, मुद्रितशोधकाने प्रतीशी लग्न लावावं. वऱ्हाडाची काळजी करू नये." खोलीत हशा झाला. आमंत्रणे तशीच छापली गेली. त्या दिवशी प्रत बरोबर होती, मुद्रित बरोबर होते, फक्त दादरला दोन नवरदेव एका बोहल्यासमोर उभे होते. चूक कार्यालयवाल्याची ठरली. मला कोणी काही बोलले नाही. पण मी त्यानंतर कागद घेऊन जिना चढले नाही.

माझ्यासमोर बसून प्रत वाचणारे जोगळेकर मास्तर हे निवृत्त शिक्षक. ते विरामचिन्हांसकट वाचत. मृत्यूची बातमी असो की केशतेलाची जाहिरात, आवाज एकच: "ते आपल्या मागे पत्नी स्वल्पविराम तीन मुलगे व नातवंडे सोडून गेले पूर्णविराम." जुळाऱ्यांचे फोरमन तात्या परब. मूळचे मालवणकडचे, राहणार लालबागच्या एका चाळीत. वीस वर्षांत तात्यांना उशीर झाल्याचे कोणाला आठवत नव्हते.

म्हणून ते एके सकाळी साडेसातला आले, तेव्हा सगळ्यांनी माना वर केल्या.

"आमच्या चाळीत बाळंतीण गेली," तात्या म्हणाले. "पहाटेक. तिसऱ्या माळ्यावरची. बायका सगळ्यो थंयच बसल्यात."

"मूल?" मी विचारले.

"मूल आसा." त्यांनी सदरा खुंटीला अडकवला. "आज सभाबिभा काय नाय आता."

सभा म्हणजे त्या चाळीसमोरच्या मैदानातली महिलांची सभा. साडेआठची वेळ मुद्दाम ठेवली होती. पहिल्या पाळीची माणसे गिरणीत गेलेली असतात आणि दुपारच्या डब्यांना अजून वेळ असतो. पत्रके आठवडाभर आधी वाटली होती.

सभा साडेआठला व्हायची होती. तिची बातमी आमच्याकडे आठ वाजून दहा मिनिटांनी खाली आली.

यात आज वाटते तेवढे आश्चर्य नव्हते. सांजदैनिकात याला आगाऊ प्रत म्हणत. वक्त्यांची नावे पत्रकावर असत, मुख्य भाषणाचा मसुदा आदल्या दिवशी मिळे. बातमीदार त्यावरून झाल्यासारखी बातमी लिहून ठेवी आणि नंतर वेळ मिळालाच तर जाऊन फेरफार करी. ही प्रत देवस्थळींची होती. देवस्थळी आळशी नव्हते. त्या सकाळी त्यांना कोर्टात एक, गोदीत एक आणि लालबागला एक अशी तीन कामे होती आणि ते एकटे होते.

मुद्रित निघाले. मास्तरांनी वाचायला घेतले. "लालबाग स्वल्पविराम आज सकाळी येथील मैदानात पाच हजार महिलांची प्रचंड सभा झाली पूर्णविराम. महिलांच्या घोषणांनी आसमंत दुमदुमून गेला पूर्णविराम. वक्त्यांच्या प्रत्येक वाक्याला टाळ्यांचा कडकडाट होत होता पूर्णविराम."

तात्या माझ्या पाठीशी उभे होते. मी वळून पाहिले.

"तात्या, हे तर..."

"प्रतीत काय आसा?"

"हेच आहे."

"मग ह्याच जुळवूचा." त्यांनी शाईचे हात फडक्याला पुसले. "दुपारनंतर घेतली आसतील सभा. आपणाक काय ठाऊक?"

सभा दुपारनंतर घेतली असती, तर ती 'आज सकाळी' झाली नसती, हे आम्हा दोघांनाही कळत होते. मी समासात वर्तुळ काढले. जिन्याकडे पाहिले. वर हशा पिकेल, देवस्थळींना राग येईल, कदाचित दुसरी कुठली तरी सभा असेलही. वर्तुळात प्रश्नचिन्ह घातले नाही. नंतर वर्तुळ खोडले. एका ओळीतला निसटलेला अनुस्वार दुरुस्त केला आणि मुद्रितावर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अकरा बायका कचेरीत आल्या. पुढे आनंदीबाई होत्या. त्याच चाळीत त्या खानावळ चालवत. गिरणीतले तीसेक लोक त्यांच्याकडे जेवत. घारपुरे लगबगीने उठले, खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला.

"चा नको," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात आमचा अंक होता. "तुमचा माणूस कोण व्हता मैदानात?"

घारपुऱ्यांनी खोटे सांगितले नाही. "कोणी नव्हतं. चूक झाली. उद्याच्या अंकात खुलासा छापतो."

"खुलासो छापा. पन आमी मयताकडे रडत व्हतो आणि तुमच्या पेपरात आमी टाळ्यो वाजवत व्हतो. गेली तिच्या नवऱ्यान वाचला ह्या. गिरणीत कोणीतरी नेऊन दाखवला. ह्या छापूच्या आधी कोणी वाचता तरी काय?"

आवाज ऐकून आम्ही जिन्यात येऊन उभे होतो. घारपुऱ्यांची नजर माझ्याकडे गेली. आनंदीबाई त्या नजरेमागोमाग वळल्या.

"तू वाचलंस?"

"हो."

"तुका ठाऊक व्हता?"

नाही म्हणता आले असते. तात्या शेजारीच होते आणि जमिनीकडे पाहत होते.

"ठाऊक होतं."

"मगे?"

"प्रतीत तसं होतं."

"प्रत म्हंजे काय?"

"वरून आलेला कागद. त्याप्रमाणे आहे की नाही, एवढंच आम्ही बघतो."

आनंदीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर बरे झाले असते. "म्हंजे कागद तू बघतंस," त्या म्हणाल्या. "आणि मैदान कोण बघता?"

बायका गेल्या. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या पानावर चार ओळींचा खुलासा आला. त्याचे मुद्रित मीच वाचले. प्रतीप्रमाणे होते.

पुढच्या काळात नव्या बातमीदारांनी मला अनेकदा विचारले आहे की सुरुवात करण्याची प्रेरणा कुठून मिळाली. प्रामाणिक उत्तर असे की मिळाली नाही. चार वर्षे मी तिची वाट पाहत होते. टेबलाच्या खणात एक कोरी वही होती, तिच्या पहिल्या पानावर माझे नाव होते आणि पुढची पाने पांढरी होती. मनात उभारी आली की लिहायला घ्यायचे, असे ठरवले होते. आणि उभारी यायची ती महाराष्ट्र झाल्यावर. त्या दिवशी उभारी आली नाही. शरम आली. आणि शरमेचे एक बरे असते, ती मुहूर्त पाहत नाही. दोन वाजता काम संपल्यावर मी घरी न जाता ट्रामने दादरला गेले, भाजीबाजाराच्या तोंडाशी एक मिरवणूक निघत होती तिथे उभी राहिले, आणि जुन्या मुद्रितांच्या कोऱ्या बाजूवर जे दिसले ते लिहून काढले.

ते अतिशय वाईट होते. मला ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कळले नाही. सातच्या आधी मास्तरांना गाठून म्हटले, "मास्तर, एवढं वाचून दाखवता?"

मास्तरांनी कोणाचे, कशासाठी, काही विचारले नाही. वाचू लागले. "दादर स्वल्पविराम मावळतीचे सूर्यकिरण जणू हुतात्म्यांच्या रक्ताने न्हाले होते पूर्णविराम."

ते थांबले. "सूर्य मावळत होता?"

"नाही. तीन वाजले होते."

"हं," म्हणून त्यांनी पुढे वाचले. ज्यांना आपले लिखाण सुंदर वाटते, त्यांनी ते एकदा जोगळेकर मास्तरांसारख्या माणसाकडून विरामचिन्हांसकट ऐकावे. त्या आवाजात कोणताही दागिना टिकत नसे. तीन पानांपैकी सात ओळी उरल्या.

तात्या लांबून ऐकत होते. "माणसा किती व्हती?"

"खूप होती."

"खूप म्हंजे किती? खूप ह्या मापात बसणा नाय." मग त्यांनी मला मोजायला शिकवले. जुळाऱ्याला प्रत हातात घेताच सांगता यावे लागते की हिच्या छापून किती ओळी होतील; नाहीतर पान फसते. तो सगळी अक्षरे मोजत बसत नाही. एका ओळीतली अक्षरे मोजतो, ओळी मोजतो, गुणतो. "माणसांकाय तसाच," तात्या म्हणाले. "एक वळ मोज. मगे वळी मोज. कडेक उभी रवतत त्यांका येगळी मोज, ती हलतत."

त्यानंतर मी रोज गेले. रविवार सोडून रोज. परळला, लालबागला, वरळीच्या बीडीडी चाळींत, चौपाटीवर. जायची इच्छा होत होती असे नाही. पाय दुखत, उन्हात डोके दुखे, आणि रस्त्यावर वही घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे लोक ज्या नजरेने पाहत, तिची सवय व्हायला बरेच दिवस गेले. चिंचपोकळीला एकाने विचारले, "काय मावशी, कोणावर कविता?" एकदा साध्या वेषातल्या पोलिसाने माझ्याच शेजारी उभे राहून टिपणे घेतली आणि शेवटी हळूच विचारले, "तिसऱ्या वक्त्याचं नाव तुम्हाला ऐकू आलं का हो?" मी सांगितले नाही. त्याची अडचण मात्र समजली.

आईला आठवड्याने कळले.

"मैदानात उभी राहतेस?"

"हो."

"कोणी सांगितलंय?"

"कोणी नाही."

आई तांदूळ निवडत राहिली. "कोणी सांगितलं असतं तर समजले असते," ती म्हणाली. "नोकरी गेली तर काय, ते तू बघ. मला उत्तर नको देऊ."

रोजची बातमी मी स्वच्छ अक्षरात लिहून घारपुऱ्यांच्या टेबलावर ठेवत असे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारले, "हे काय?"

"परळची सभा. मला बातमीदार व्हायचं आहे." चार वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा कोणापुढे तरी उच्चारले होते. ऐकायला अगदी साधे वाटले.

घारपुरे हसले नाहीत. "बाई, आत्ता घडी विस्कटता येत नाही. महाराष्ट्र होऊ द्या. मग बघू."

"तोपर्यंत मी ठेवत जाईन."

"ठेवा. टोपलीही तिथंच आहे."

चार महिने माझ्या बातम्या त्या टोपलीत गेल्या. एकदा मास्तर संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघाले होते; त्यांना स्टेशनवर सोडायला गेले असताना ते म्हणाले, "महाराष्ट्र झाला की रायगड चढायचा आहे मला. कधीच पाहिला नाही." वय अडुसष्ट. मी म्हटले, "आत्ताच जा ना." ते म्हणाले, "आत्ता कसं? लोक तुरुंगात असताना गड बघत फिरायचं?" पुढच्या थंडीत ते छातीच्या दुखण्याने गेले, रायगड न पाहता. स्वतःला हलवायला मला चार वर्षे लागली होती, म्हणून त्यांना उपदेश करण्याचा अधिकार वाटला नाही. आता वाटते, करायला हवा होता.

मास्तर असतानाच, त्याच वर्षी, लालबागच्या त्याच मैदानात महिलांची सभा पुन्हा जाहीर झाली. वेळ तीच, साडेआठ. आदल्या दिवशी दुपारी मी घारपुऱ्यांकडे गेले.

"उद्याची लालबागची सभा मी बघून येते. अकरापर्यंत परत येईन."

"देवस्थळी आगाऊ प्रत देणार आहेत."

"मागच्या वेळीही दिली होती."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "आणि मुद्रितं?"

"तात्यांचा एक जुळारी मास्तरांसमोर बसेल. तात्यांशी बोलले आहे."

"तात्यांशी बोललात. माझ्याशी बोलण्याआधी." त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "बाई, स्पष्ट सांगतो. सकाळच्या वेळी टेबल सोडून गेलात, तर परत आल्यावर ते टेबल तुमचं असेलच, असं समजू नका."

"समजले," मी म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी गेले.

सभा झाली. पत्रकावरचे मुख्य वक्ते आलेच नाहीत. तासभर वाट पाहायला कोणाला सवड नव्हती. चुली थांबणाऱ्या नव्हत्या. मग आनंदीबाई उठल्या. व्यासपीठावर न चढता जमिनीवरच उभ्या राहून बोलल्या. "भाषण माका येणा नाय," त्या म्हणाल्या. "ज्यांची माणसा जेलात आसत, त्यांच्या पोरांका माझ्याकडे दोन येळा जेवाण आसा. कोण आसात त्यांनी हात वर करा. लाजा नको. लाजलात तर पोर उपाशी रवतला."

बराच वेळ एकही हात वर झाला नाही. मग मागच्या बाजूने एक झाला, मग आणखी दोन. एकूण तीन. आनंदीबाई तिघींजवळ गेल्या, नावे विचारली, आणि जमलेल्या बायकांना म्हणाल्या, "आता घोषणा देवा." घोषणा झाल्या. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. पाऊण तासात मैदान रिकामे झाले.

मी एक ओळ मोजली, ओळी मोजल्या, कडेने उभ्या होत्या त्या वेगळ्या मोजल्या.

परतताना भायखळ्याला ट्राम थांबली. पुढे दुसऱ्या एका मोर्चामुळे पोलिसांनी रस्ता अडवला होता. दहा मिनिटे डब्यात बसून बातमी लिहून काढली, तरी ट्राम हलेना. मग उतरले आणि चालू लागले. नळबाजार, सी. पी. टँक, गिरगाव. कचेरीचा जिना चढले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटे झाली होती.

घारपुऱ्यांनी कागद घेतला. बावीस ओळी होत्या.

"वक्ते आलेच नाहीत?"

"नाही."

"आणि हे काय, सुमारे चारशे? देवस्थळींच्या प्रतीत पाच हजार आहेत."

"त्या मैदानात पाच हजार बसत नाहीत. एका ओळीत एकवीस-बावीस, अशा सतरा ओळी. कडेला चाळीसेक उभ्या."

खोलीतली माणसे हात थांबवून ऐकत होती. देवस्थळीही होते. घारपुरे आवाज न चढवता म्हणाले, "बाई, आपलं पत्र चळवळीचं आहे. उद्या विरोधी पत्रं आपलाच आकडा उचलून लिहितील, लालबागला चारशे. हे चालेल तुम्हाला?"

हा प्रश्न खोटा नव्हता. मलाही महाराष्ट्र हवा होता. वाटेने चालताना मी त्याचाच विचार केला होता आणि उत्तर सापडले नव्हते. एवढेच कळले होते की तीन हात वर झाले होते, ते पाच हजारांत दिसले नसते.

"मी आकडा काढतो," घारपुरे म्हणाले. "बाकी बातमी जाऊ दे."

"आकडा काढायचा असेल तर बातमीही काढा."

"आणि तुम्ही?"

"टेबल असेल तर टेबलावर. नसेल तर घरी."

खालून तात्यांची हाक आली. "घारपुरेसायबानू, पान आवळून बंद करू काय? देवस्थळींचो मजकूर जुळवून तयार आसा."

घारपुरे जिन्यापाशी गेले. "परब, बावीस ओळी नव्याने जुळवायला किती वेळ?"

"बाय इली?"

"आली."

"दोघे जण लागले तर पंधरा मिंटा."

घारपुऱ्यांनी देवस्थळींकडे पाहिले. देवस्थळी खिडकीबाहेर पाहत होते. मग घारपुऱ्यांनी माझा कागद पुन्हा वाचला आणि चारशेवर बोट ठेवले. "मोजल्यात म्हणता. मग 'सुमारे' कशाला?"

"कडेच्या हलत होत्या."

त्यांनी 'सुमारे' राहू दिले. आकडाही राहू दिला. कोपऱ्यात सही करून कागद खाली पाठवला. पान सहा मिनिटे उशिरा बंद झाले. दुसरे कोणी मोकळे नसल्यामुळे माझ्या बातमीचे मुद्रित मीच वाचले, आणि त्यात वेलांटीची एक चूक राहिली.

दुसऱ्या दिवशी एका विरोधी पत्राने आमचा आकडा खरोखरच उचलला आणि वर टोमणा मारला. सभेच्या संयोजकांपैकी दोघे तावातावाने आले. घारपुऱ्यांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आमच्या बाई तिथं होत्या. तुम्ही होतात?" ते नव्हते. देवस्थळी महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचा राग मी समजू शकते. पहिल्या वेळी मी वर्तुळात प्रश्नचिन्ह घातले असते, तर त्यांची चूक छापलीच गेली नसती. ती जेवढी त्यांची होती, तेवढीच माझी. हे त्यांना सांगायचे राहून गेले.

कामवाटपाची वही घारपुऱ्यांच्या टेबलाच्या कडेला दोरीने बांधलेली असे. कोणी, कुठे, किती वाजता, एवढेच त्यात असे. चार दिवसांनी त्यात माझे नाव आले. पुढे लिहिले होते: शिवडी, सकाळी आठ, नळ. वर्षभर मला दोन्ही कामे करावी लागली. बातमी आणून द्यायची आणि मग टेबलावर बसून मुद्रिते वाचायची.

शिवडीला गोदामांच्या मागे एक लांबट चाळ होती. तिथल्या नळांना पाणी नसल्याची तक्रार होती. महाराष्ट्राशी तिचा काही संबंध नव्हता. पहिल्याच दाराशी एक गृहस्थ दाढी करत बसले होते. गोदामात मुकादम असावेत. मी नमस्कार करून पेपरचे नाव सांगितले.

"बरं. तुम्ही पेपरवाल्यांच्या घरच्या का?" त्यांनी आरसा न हलवता विचारले.

"नाही. मी बातमीदार."

"तसं नव्हे. बातमीदार कुठं आहेत? त्यांना पाठवा, सगळं सांगतो."

"आलेत. मीच." मी वही उघडली. "पाणी किती दिवस नाही?"

त्यांनी वस्तरा खाली ठेवला, माझ्याकडे नीट पाहिले, आणि बहुधा दुसरे कोणी येणार नाही याची खात्री झाल्यावर म्हणाले, "पंधरा दिवस."

मी लिहून घेतले. मग शेजारचे दार वाजवले आणि तिथल्या बाईंना तोच प्रश्न विचारला.

"नऊ," त्या म्हणाल्या.

पंधरा खोडला नाही. त्याच्यापुढे नऊ लिहिले आणि तिसऱ्या दाराकडे गेले.